देहविक्रय गुन्ह्यातून बाहेर काढणारा कायदा मध्य प्रदेश एकटा करू शकेल का?

वैशाली_रामबाग

गणेशोत्सवातल्या वादविवादासाठी आमच्या मंडळातल्या मुलांनी हा विषय सुचवला होता. कार्यकारिणीतल्या काकांनी ‘गणपतीपुढे हे नको’ म्हणून तो उडवला आणि ‘मोबाइल : शाप की वरदान’ ठेवला. सलग कितव्या वर्षी, देव जाणे. म्हणून इथे विचारते.

माझं मत आधी सांगून टाकते. १९५६चा अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा नीट वाचला तर चक्रावायला होतं. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन संबंध ठेवणं हा त्यात गुन्हाच नाही. पण दोघींनी मिळून एक खोली घेतली की तो कुंटणखाना. तिच्या कमाईवर घर चालत असेल तर म्हातारी आई किंवा अठरा पूर्ण झालेला मुलगा कलम ४मध्ये अडकू शकतो. रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईकाला खुणावलं तर कलम ८. आणि याच कलम ८मध्ये बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद, तोच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने! हे कोणी लिहिलं असेल?

दिल्ली या कायद्याला हात लावेल असं मला वाटत नाही. पण पोलीस राज्याचे, महिला-बालविकास खातं राज्याचं. मग आपली विधानसभा स्वतःचा कायदा करू शकते का? इंदूरचे वकील मंडळी इथे आहेत, त्यांनी बोलावं.

पोहेवाला

धागा शंभरी गाठणार. पोहे-जलेबी घेऊन बसलो आहे, वरून सेव जास्त.

नर्मदाकाठ

ताई, प्रश्न कायद्याचा नाही, समाजाचा आहे. आज म्हणाल गुन्हा नको, उद्या म्हणाल परवाना द्या, परवा दुकानावर पाटी लागेल. स्वच्छतेत देशात पहिला नंबर आणणाऱ्या शहराने हा विचार करावा?

गडबडगुंडा

@नर्मदाकाठ, ओला कचरा, सुका कचरा आणि तिसऱ्या डब्यात बायका, असं म्हणायचंय का काका?

नर्मदाकाठ

शब्द माझ्या तोंडी घालू नका. मी शहराच्या संस्कारांबद्दल बोललो.

अ‍ॅड_किरण

वैशालीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘करू शकेल, पण’ असं आहे. सगळी गोष्ट त्या ‘पण’मध्ये.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो. म्हणजे संसद आणि विधानसभा दोघांनाही त्यावर कायदा करता येतो, पण राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी भिडला तर केंद्राचा टिकतो. यातून सुटायची वाट घटनेच्या अनुच्छेद २५४(२)मध्ये आहे : राज्याने विधेयक राष्ट्रपतींकडे पाठवायचं आणि संमती मिळाली की त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. जल्लीकट्टू असाच वाचला. प्राण्यांवरील क्रौर्याचा कायदा केंद्राचा. तमिळनाडूने २०१७मध्ये दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती घेतली. महाराष्ट्राने बैलगाडा शर्यतीसाठी तेच केलं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

पण राष्ट्रपतींची संमती म्हणजे व्यवहारात केंद्रीय गृहखात्याची संमती. महिला-मुलांवरच्या अत्याचारांबद्दलचं महाराष्ट्राचं शक्ती विधेयक आठवा. डिसेंबर २०२१मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं, दिल्लीहून संमती आलीच नाही. आणि ते तर शिक्षा वाढवणारं होतं, म्हणजे कोणालाही टाळ्या वाजवायला सोपं.

शिवाय आणखी एक खुंटा आहे. १९५६च्या कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसरून हा कायदा केला. असे करार अमलात आणणारे कायदे करण्याचा अधिकार अनुच्छेद २५३ संसदेला देतो. त्यामुळे उद्या एखाद्या राज्याने या कायद्याचा गाभाच काढला, तर कोणीतरी नक्की कोर्टात जाणार.

गडबडगुंडा

थोडक्यात, बैलांना संमती मिळाली, बायकांची फाइल बघू.

पोहेवाला

वरच्या प्रतिसादाला +१, पण पोहे घशात अडकले.

सुदामानगरी

मी बरीच वर्षं एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पात समुपदेशक होते, इंदूर आणि आसपास. कायद्याची कलमं तिथल्या बायकांना पाठ नसतात, पण त्यांचा परिणाम पाठ असतो.

एक उदाहरण देते. आम्हीच कंडोम वाटायचो, सरकारी पैशातून. आणि एका ठाण्यात तीच पाकिटं पर्समधून काढून पुरावा म्हणून टेबलावर मांडलेली मी पाहिली आहेत. एक खातं वाटतंय, दुसरं खातं जप्त करतंय. मग बायका पाकिटं जवळ ठेवायच्याच बंद झाल्या. आमच्या साहेबांनी बैठकीत विचारलं, ‘वापर का घटला?’ काय सांगणार?

दुसरी गोष्ट दंडाची. केस क्वचित कोर्टात जाते. ‘बंद करेंगे’ म्हणून धमकी, मग हजार-दोन हजार, आणि सुटका. म्हणजे कायदा कागदावर कैद सांगतो आणि चौकात वसुली करतो. त्यातली एकही पावती मी पाहिली नाही.

म्हणून कोणी विचारलं की या बायकांना काय हवंय, तर मी सांगते : परवाना नको, पाटी नको. रेशनकार्ड हवं, मुलाच्या शाळेत वडिलांच्या नावाच्या रकान्यावरून वाद नको, आणि कोणी मारलं तर ठाण्यात जाऊन तक्रार करता आली पाहिजे, स्वतःच आत न जाता.

स्नेहलतागंज_मी

सुदामानगरी, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण ‘मर्जी’ या गोष्टीवर सगळी इमारत उभी करू नका. ज्या बाईला दुसरा पर्यायच नाही तिची कसली मर्जी? मी स्त्रीवादी चळवळीतून आलेली आहे आणि मला स्वीडनचा रस्ता पटतो. १९९९पासून तिथे विकणारीला शिक्षा नाही, विकत घेणाऱ्याला आहे. फ्रान्सने २०१६मध्ये तेच केलं. जर्मनीने २००२मध्ये सगळं कायदेशीर केलं आणि मग २०१७मध्ये नोंदणी वगैरे बंधनं घालणारा नवा कायदा आणावा लागला. बाईवरचा गुन्हा काढा, माझी पूर्ण संमती. पण दलाल, मालक आणि गिऱ्हाईक यांना त्याच सवलतीत आत घेऊ नका.

गडबडगुंडा

गिऱ्हाईकाला पकडायचं तर आधी अर्ध्या पोलीस लाइनीत हजेरी घ्यावी लागेल.

संपादक

@गडबडगुंडा, सरसकट आरोप नकोत. पुढच्या वेळी प्रतिसाद उडेल.

ऑसी_इंदुरी

माझं बालपण लोकमान्यनगरात गेलं, आता मेलबर्नमध्ये. वैशालीताईंच्या प्रश्नाला इथलं उदाहरण अगदी लागू पडतं, कारण इथे फौजदारी कायदा मुळात राज्यांचाच. न्यू साउथ वेल्सने १९९५मध्येच सुरुवात केली, नॉर्दर्न टेरिटरीने २०१९मध्ये, आमच्या व्हिक्टोरियाने २०२२मध्ये कायदा केला आणि तो दोन टप्प्यांत, मे २०२२ आणि डिसेंबर २०२३ला, लागू झाला. क्वीन्सलँड २०२४मध्ये आलं. उलट साउथ ऑस्ट्रेलियात पुन्हा पुन्हा विधेयकं आली आणि पडली. एकाच देशात, शेजारशेजारची राज्यं.

व्हिक्टोरियात आधी परवाना पद्धत होती. परवानाधारक जागेत काम केलं तर कायदेशीर, बाहेर केलं तर गुन्हा. त्यामुळे ज्यांना परवान्याच्या जागेत काम मिळत नव्हतं त्या अजून अंधारात गेल्या. म्हणून परवानाच काढून टाकला. आता जागेचे नियम इतर धंद्यांसारखेच, कामगार सुरक्षेचे नियमही. नर्मदाकाठ काका म्हणतात ती ‘परवान्याची’ पायरी आणि गुन्हा काढून टाकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे राहून कळलं.

न्यूझीलंडचा कायदा २००३चा. ६० विरुद्ध ५९, एकजण तटस्थ. एका मताने!

नर्मदाकाठ

तिकडची लोकसंख्या किती, गरिबी किती, इकडची किती? मेलबर्नहून मंदसौरला सल्ला देणं सोपं आहे.

मंदसौरकर

मंदसौरचं नाव निघालंच आहे तर बोलतो. मी इथे सरकारी शाळेत शिकवतो.

महू-नीमच रस्त्यावर बांछडा समाजाचे डेरे आहेत, हे मध्य प्रदेशात सगळ्यांना माहीत आहे. काही घरांत मोठ्या मुलीला या धंद्यात घालायची रीत होती आणि पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. सरकारने १९९२मध्ये बेडिया, बांछडा, सांसी समाजांसाठी जाबालि योजना आणली. आश्रमशाळा, वसतिगृहं वगैरे. काही मुली शिकल्या, नोकरीला लागल्या. पण त्यांना वर्गात काय ऐकावं लागतं ते मी रोज ऐकतो. गावाचं नाव सांगितलं की समोरचा हसतो. पूर्ण समाजाला एका शिक्क्याखाली टाकणं हा आमच्याकडचा मोठा अन्याय आहे, आणि दर वेळी छापा पडला की वर्तमानपत्रात समाजाचं नाव मथळ्यात येतं.

आता कायद्याबद्दल. माझी भीती वेगळी आहे. इथे प्रश्न सज्ञान बाईचा नसून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा असतो, जिचं वय कागदावर एकोणीस असतं. तिच्यासाठी पॉक्सो आहे, मानवी तस्करीची कलमं आहेत, ती राहणारच, हे मला कळतं. पण ठाण्यातल्या हवालदाराला ‘आता हे गुन्हा नाही’ एवढंच कळलं, तर तो वय तपासायचे कष्ट घेईल का?

सुदामानगरी

@मंदसौरकर, प्रश्न अगदी योग्य आहे. पण आज तरी वय कोण तपासतं? छाप्यात अल्पवयीन मुलगी आणि चाळिशीची बाई एकाच गाडीत घालतात आणि एकाच सुधारगृहाच्या दारात नेतात. सज्ञान बाईला सोडून दिलं तर मुलीकडे बघायला माणसं उरतील. आणि अल्पवयीन मुलीची खबर सगळ्यात आधी कोणाला लागते? त्याच वस्तीतल्या बायकांना. सांगलीत वॅम्पच्या बायका, कोलकात्यात सोनागाछीतल्या दुर्बारच्या बायका (दोन्ही सेक्स वर्करच्याच संघटना) हे काम स्वतः करतात. पण पोलिसांकडे गेलं की आपणच अडकू, या भीतीत कोण खबर देणार?

मंदसौरकर

हा मुद्दा मानतो. तरी वयाच्या तपासणीची सक्ती कायद्यातच लिहा, हवालदाराच्या भलेपणावर सोडू नका.

जेलरोडचे_आजोबा

इंदूर आणि हा विषय निघाला आणि अजून कोणी मुमताज बेगमचं नाव काढलं नाही? आजची पिढी!

होळकर दरबारातली ही नर्तिका महाराज तुकोजीराव तिसरे यांच्या आश्रयाला होती. तिथून निसटून मुंबईला गेली, अब्दुल कादर बावला नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याकडे राहिली. १२ जानेवारी १९२५च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची गाडी अडवून तिला पळवायचा प्रयत्न झाला, बावला मारला गेला. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. खटला गाजला, आणि इंग्रज सरकारच्या दबावामुळे फेब्रुवारी १९२६मध्ये महाराजांनी गादी सोडली. आमच्या वडिलांच्या लहानपणी राजवाड्याच्या ओट्यावर याशिवाय बोलणं नव्हतं म्हणे. आणि बोलणाऱ्यांची सगळी हळहळ महाराजांसाठी. ती बाई कोर्टात उभी राहून साक्ष देऊन आली, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे.

संपादक

आजोबा, रंजक आहे, पण अवांतर. वेगळा धागा काढा, नक्की वाचू.

पोहेवाला

संपादकसाहेब, इंदुरात होळकर अवांतर नसतात.

विजयनगर_अमोल

भिया लोक, २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सगळं कायदेशीर केलं ना? बातम्यांत तर तसंच होतं. मग वाद कशावर चालू आहे?

अ‍ॅड_किरण

@विजयनगर_अमोल, बातम्यांत तसं होतं, आदेशात तसं नाही.

बुद्धदेव कर्मास्कर खटला. कोलकात्यातल्या एका सेक्स वर्करच्या खुनाचं अपील २०११मध्ये कोर्टापुढे आलं, शिक्षा कायम झाली, पण कोर्टाने विषय तिथे न सोडता एक समिती नेमली. समितीने शिफारशी केल्या. १९ मे २०२२च्या आदेशात न्या. नागेश्वर राव यांच्या खंडपीठाने त्यातल्या दहा नोंदवल्या. केंद्र सरकारने काहींवर आक्षेप घेतला. म्हणून कोर्टाने ज्या सहांवर केंद्राची हरकत नव्हती तेवढ्याच राज्यांना लागू केल्या : लैंगिक अत्याचार झालेल्या सेक्स वर्करला वैद्यकीय मदत, सुधारगृहांत मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांचा आढावा, पोलिसांनी सभ्य वागणं, माध्यमांनी ओळख न उघडणं, कंडोमला पुरावा न मानणं (सुदामानगरी, तुमची पाकिटं), आणि कायदेविषयक माहिती देणं. आधारकार्डाची सोयही झाली, नाकोच्या (केंद्राची एड्स नियंत्रण संस्था) किंवा राज्य एड्स संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर.

ज्या शिफारशीवर वर्तमानपत्रांनी मथळे केले, ‘मर्जीने काम करणाऱ्या सज्ञान बाईला छाप्यात अटक करू नये’, ती केंद्राच्या आक्षेपात अडकलेल्या चारांपैकी होती.

आणि आता गंमत बघा. एप्रिल २०२५मध्ये आपल्या भोपाळच्या पोलीस मुख्यालयाने जिल्ह्यांना लेखी सूचना दिल्या की हॉटेल-ढाब्यांवर छापा पडला तर तिथे सापडलेल्या सेक्स वर्कर बायकांना आरोपी करू नका, त्रास देऊ नका. केंद्र जिथे अडखळलं तिथे राज्याच्या पोलिसांनी साध्या परिपत्रकाने पाऊल टाकलं. विधानसभा नको, राष्ट्रपती नको.

वैशाली_रामबाग

हे मला माहीतच नव्हतं! मग परिपत्रकावरच भागत असेल तर कायदा हवा कशाला?

सुदामानगरी

कारण परिपत्रक आज आहे, साहेब बदलले की उद्या दुसरं येईल. मानवाधिकार आयोगाचं आठवत नाही? ऑक्टोबर २०२०मध्ये सेक्स वर्करना असंघटित कामगार मानून मदत द्या म्हणाले, ओरड झाली आणि महिन्याभरात भाषा बदलून ‘मानवतेच्या दृष्टीने’ झाली.

नागपूरची_मेघा

उलट दिशेलाही परिपत्रकच पुरतं. ऑगस्ट २०२१मध्ये आमच्या गंगा-जमुना वस्तीला पोलिसांनी याच कायद्याच्या आधाराने बॅरिकेड लावले. विधानसभेत चर्चा नाही, ठराव नाही, एका आदेशावर वस्ती बंद. कलम ७ प्रमाणे मंदिर, शाळा, दवाखाना, वसतिगृह यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत हे चालत नाही, आणि राज्य सरकार अधिसूचना काढून आणखी भागांत मनाई करू शकतं. वस्ती आधी की देऊळ आधी, हे कायदा विचारत नाही.

पोहेवाला

दोनशे मीटरमध्ये मंदिर नाही अशी जागा इंदुरात एकच, बिलावली तलावाच्या मधोमध. तिथेही एखादं बेट असेल तर सांगता येत नाही.

स्नेहलतागंज_मी

हसू आलं. पण माझ्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलं नाही. गिऱ्हाईकाचं काय? केरळ उच्च न्यायालयाने २०२५मध्ये म्हटलंय की पैसे देणाऱ्यावर कलम ५खाली गुन्हा होऊ शकतो, बाई म्हणजे विकत घ्यायची वस्तू नाही. मला हे योग्य वाटतं.

सुदामानगरी

तत्त्व म्हणून मलाही ऐकायला बरं वाटतं. रस्त्यावर काय होतं ते सांगते. गिऱ्हाईक घाबरलं की घाई करतं, बाईला गाडी निरखायला, माणूस पारखायला वेळ मिळत नाही, आणि भेटायची जागा उजेडातून बायपासच्या अंधारात सरकते. धोका तिच्याच वाट्याला येतो. तुमचं-माझं यावर एकमत होणार नाही असं दिसतंय.

स्नेहलतागंज_मी

नाही होणार. पण कलम ८ आणि कलम ४ जावं यावर झालं, हे इथे लिहून ठेवा.

नर्मदाकाठ

कलम ४ बाबत मीही विचार केला. आईला पोसलं म्हणून आईवर गुन्हा, हे बरोबर नाही. बाकी माझं मत तेच आहे.

गडबडगुंडा

काका!! स्क्रीनशॉट घेतला आहे.

वैशाली_रामबाग

किरणदादा, मूळ प्रश्नाकडे येते. समजा आपल्या भागातल्या एखाद्या आमदाराने मनावर घेतलं. त्याने नेमकं काय करावं?

अ‍ॅड_किरण

पूर्ण नवा कायदा मागू नये, दिल्लीत पडून राहील. कलम ८ वगळणारी आणि कलम ४मधून घरच्या अवलंबितांना सूट देणारी छोटी दुरुस्ती, तीही २५४(२)च्या वाटेने. सोबत विधानसभेचा ठराव, की केंद्राने मूळ कायदा बदलावा. राज्यांनी रेटलं की दिल्ली हलते, याचं उदाहरण आपल्याच घरचं आहे. डिसेंबर २०१७मध्ये बारा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्काराला फाशी, असं विधेयक मध्य प्रदेश विधानसभेने मंजूर केलं, आणि एप्रिल २०१८मध्ये केंद्राने स्वतःच तसा अध्यादेश काढला. फाशीला मतं मिळतात, हे खरं. इथे मिळणार नाहीत. म्हणून या कार्यकाळात काही होईल असं मला वाटत नाही. परिपत्रकं मात्र पाळली जातात का, यावर माहिती अधिकारात आजच अर्ज टाकता येईल.

सरवटे_लॉज

इतका वेळ फक्त वाचत होतो. आमचा बस स्टँडजवळ छोटा लॉज आहे. एक सरळ प्रश्न. बाईला आता आरोपी करणार नाहीत, ठीक. माझं काय?

अ‍ॅड_किरण

तुम्हाला परिपत्रकाचं संरक्षण नाही. जाणूनबुजून जागा दिली तर कलम ३, दोन वर्षांपर्यंत. आणि छाप्यात तुमच्या जागेत असा प्रकार आढळला अशी बातमी स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली, तर तुम्हाला माहीत होतं असंच कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमची. कलम ७खाली हॉटेलचा परवाना तीन महिने ते वर्षभर निलंबित होऊ शकतो, तो वेगळा.

सुदामानगरी

म्हणजे बाई सुटली, पण तिला खोली कोण देणार? घरमालक देणार नाही, लॉज देणार नाही. दोघी मिळून राहिल्या तर कुंटणखाना. शेवटी रस्ताच. किरणदादा, मग तुमच्या छोट्या दुरुस्तीत कुंटणखान्याची व्याख्या का नाही?

अ‍ॅड_किरण

कारण तिला हात लावला की दलालांनाही दार उघडतं, आणि दिल्लीला नाही म्हणायला कारण मिळतं. न्यूझीलंडमध्ये चार जणींपर्यंत एकत्र काम करता येतं, वर मालक नसेल तर परवाना लागत नाही. तशी मर्यादा घालून मसुदा करता येईल. अवघड आहे, अशक्य नाही.

स्नेहलतागंज_मी

मालक नसेल ही अट असेल तर मीही सही करीन.

सरवटे_लॉज

मालक नसेल म्हणजे मी नाहीच. बरं झालं. तोपर्यंत आमच्याकडे आधार दाखवल्याशिवाय खोली नाही, आणि आधार दाखवला तरी विचार करून.

सुदामानगरी

दादा, नाकोच्या प्रमाणपत्रावर निघालेल्या आधारवर वेगळं काही लिहिलेलं नसतं. तुम्ही विचार कशाच्या आधारे करणार?